मुंबई बघितली म्हणजे नेमकं काय बघितलं?

आमच्या हट्ट्यात कुणी मुंबईला जाऊन आलं की चार दिवस त्याचा भाव वधारलेला असतो. चहाच्या टपरीवर, दर्ग्याच्या ओट्यावर, पिठाच्या गिरणीत पहिला प्रश्न ठरलेला: "काय काय बघितलं?" ही उत्तरं मी लहानपणापासून ऐकत आलोय. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गेटवे, राणीची बाग, चौपाटी अशी यादी आली की सांगणाऱ्याचं आडनाव विचारावं लागत नाही. हाजी अली, माहीमचे मखदूमबाबा, मिनारा मशीद, मोहम्मद अली रोड अशी यादी आली की तेही कळतं. आणि "सहा डिसेंबरला गेलो, चैत्यभूमीचं दर्शन घेतलं, रात्रीच्या गाडीला बसलो" हे उत्तर कोणत्या गल्लीतून आलं, हेही गावाला ठाऊक असतं.

गाव एक. परभणीहून पकडलेली देवगिरी एक्स्प्रेस एक. जनरलच्या डब्यात भाकरी आणि ठेचा एकमेकांना देत-घेत रात्र काढलेली असते. सकाळी सीएसएमटीला उतरलं की मात्र तिघांच्या तीन मुंबया होतात. परतीच्या गाडीत तिघं पुन्हा एकत्र येतात आणि एकमेकांची मुंबई कुणीच पाहिलेली नसते.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. ज्याची जिथे श्रद्धा तिथे तो जाणार. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मागच्या जूनमध्ये मुलीला घेऊन मुंबईला गेलो आणि माझं मत बदललं. त्याची ही हकिगत आहे आणि सोबत थोडी तक्रारही आहे. ती इतरांबद्दल आहे तितकीच आपल्या लोकांबद्दलही.

आधी थोडं मागे जातो. मराठवाड्याच्या जुन्या माणसांचं मुंबईशी नातं फार जुनं नाही. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात. कोर्टकचेरी, दवाखाना, शिक्षण, सगळ्यांची तोंडं हैदराबादकडे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा मुंबई आमची राजधानी झाली. कागदावर झाली, मनात यायला वेळ लागला. आमच्या घरात मुंबई आली ती हजच्या वाटेने. त्या काळी हाजी जहाजाने जात. १९९५ पर्यंत मुंबईच्या बंदरातून हजची जहाजं जेद्द्याला सुटत होती. दादा हजला निघाले तेव्हा त्यांना पोचवायला अब्बा मुंबईला गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात तीन रात्री काढल्या, जवळच्या जामा मशिदीत नमाज पढले, धक्क्यावर दादांच्या गळ्यात हार घातला आणि परत आले. "मुंबई कशी आहे?" असं विचारलं की अब्बा म्हणायचे, "गर्दी और रोना." धक्क्यावर सगळेच रडत होते.

त्या मुसाफिरखान्यापासून वीसेक मिनिटं चाललं की हुतात्मा चौक येतो. मराठी माणसाला हे शहर मिळावं म्हणून शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांचं ते स्मारक. अब्बा तिथे गेले नाहीत. कुणी नेलं नाही आणि त्यांनाही जावंसं वाटलं नाही. आपण मराठी आहोत आणि ही जागा आपलीही आहे, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मुलीची गोष्ट. बारावीला चांगले मार्क पडले आणि तिला मुंबईतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलची जागा संपलेली. म्हणून मी, बायको आणि मुलगी तिघंही गेलो. कुर्ल्याला खालाच्या मुलाकडे उतरलो आणि खोली शोधू लागलो. कॉलेजपासून जवळ, तीन मुलींनी मिळून राहण्यासारखी एक जागा एका दलालाने फोनवर पक्की सांगितली होती. भाडं ठरलं, अनामत ठरली. प्रत्यक्ष गेलो तेव्हा त्याने मुलीचं नाव कागदावर लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. "सोसायटीत जरा प्रॉब्लेम आहे," म्हणाला. तो उद्धट नव्हता. उलट जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!"

मी हट्ट्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. माझं गणित, भूगोल, प्रेमपत्र, सातबारा सगळं मराठीत. माझी मराठी छान आहे याचं या माणसाला आश्चर्य का वाटावं? संध्याकाळी मोहम्मद अली रोडवर एका दुकानात बायको "हमको नक्को" म्हणाली, तर दुकानदार हसून म्हणाला, "हैदराबाद से आए क्या?" आमच्या दखनीतला हा ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आलेला आहे, हे त्याला कसं सांगावं? एका दिवसात दोन ठिकाणी आम्ही परके ठरलो. एकीकडे मुसलमान म्हणून, दुसरीकडे मराठवाड्याचे म्हणून.

रात्री नातेवाईक जमले. सगळ्यांचा सल्ला एकच: "मुंब्र्यात बघा. आपल्या लोकांत पोरगी सुरक्षित राहील." सल्ला मायेचा होता. पण मुंब्र्याहून कॉलेजला लोकलने रोज दोन्ही वेळचे मिळून तीन तास गेले असते. मुलगी काहीच बोलली नाही. तिची ती शांतता मला खुपली. अठराव्या वर्षी तिने मान्य करून टाकलं होतं, की या एवढ्या मोठ्या शहरातला ठरावीक भागच आपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली शोधणं बाजूला ठेवलं. म्हटलं, दोन दिवस फक्त फिरू. पायी, बसने, लोकलने. यादी करायची नाही.

सुरुवात सीएसएमटीपासूनच केली. स्टीव्हन्सने बांधलेलं ते स्टेशन सगळेच बघतात, फोटो काढतात. त्याच रस्त्यावर समोर अंजुमन-ए-इस्लामची पिवळ्या दगडाची इमारत आहे. देवगिरीतून उतरणारा मराठवाड्याचा माणूस तिच्यासमोरून जातो आणि तिला जुनं सरकारी ऑफिस समजतो. ही शिक्षणसंस्था १८७४ साली सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, जे पुढे १८८७ ला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. शहराच्या ऐन दारात मुसलमानांनी मशीद किंवा दर्गा नव्हे, शाळा बांधली. मुलगी रस्त्याच्या कडेला थांबून बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं, मुंबई बघायला आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाने हाजी अलीच्या आधी पाच मिनिटं इथे उभं राहावं.

तिथून क्रॉफर्ड मार्केट. १८६९ चं बांधकाम. आज त्याचं सरकारी नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा! समोरून शेख मेमन स्ट्रीट सुरू होते. या एका रस्त्याबद्दल मला सविस्तर सांगायचंय. सुरुवातीलाच जामा मशीद. १८०२ साली पुरी झालेली. तिचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मुसलमानांकडे, म्हणजे घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांकडे राहिला आहे. मशिदीखाली जुनं पाण्याचं टाकं आहे, त्यात मासे आहेत आणि त्या पाण्यातूनच कमानी वर आल्या आहेत. तिथून तसंच पुढे चालत राहायचं. दोन्ही बाजूंना झवेरी बाजारची सोन्याची दुकानं. पाचेक मिनिटांत मुंबादेवीचं देऊळ. ज्या देवीवरून शहराला नाव मिळालं, ती आणि शहराची जुनी जामा मशीद एकाच रस्त्याला लागून आहेत आणि रस्त्याचं नाव एका शेखाचं आहे.

अब्बा त्या मशिदीत तीन दिवस नमाजाला गेले. आमच्या शेजारच्या काकू दोनदा मुंबादेवीला जाऊन आल्या. दोघांनी एकमेकांची जागा पाहिली नाही. पाच मिनिटांचं अंतर होतं.

त्यानंतर मशीद बंदर. मुलीने विचारलं, "अब्बा, इथली मशीद कोणती, जिच्यावरून स्टेशनाला नाव पडलं?" मलाही आधी वाटायचं की असेल एखादी मोठी मशीद. जुने लोक वेगळंच सांगतात. तिथे सॅम्युअल स्ट्रीटवर एक प्रार्थनाघर आहे, १७९६ साली सॅम्युअल दिवेकर यांनी बांधलेलं. दिवेकर हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे ज्यू. गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी. ते आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये ज्या स्टेशनाचं नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, ते नाव मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या देवघरावरून पडलं, असं सांगितलं जातं. मुलगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्याच भागात मसाल्याचे ठोक व्यापारी बसतात. एका दुकानासमोर हळकुंडाची पोती उघडी होती. मुलीने एक हळकुंड उचलून मोडलं, रंग पाहिला आणि म्हणाली, "ही आपल्याकडची वाटते." दुकानदाराने मान हलवली, "वसमत." वसमतचा मोंढा आमच्या तालुक्याचा. आमच्या शिवारातली हळद शहराच्या पोटात अशी बिनदिक्कत जाऊन बसलेली असते. तिला कुणी नाव विचारत नाही.

भेंडी बाजाराबद्दल मात्र मला आपल्याच लोकांवर रागवायचं आहे. रमजानमध्ये तिथे जाऊन नल्ली निहारी, मालपुवा आणि फिरनीचे फोटो टाकणारे हजारो असतात. आता तर दादर-ठाण्याहून इतर मित्रही हौसेने येतात, यावंच, खावंच. पण हे मोहल्ले म्हणजे नुसती खाऊगल्ली आहे, अशी समजूत आपणच करून दिली. याच भेंडी बाजारात १८९० च्या सुमारास बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ राहिले आणि हिंदुस्थानी गाण्यातलं एक घराणं त्या मोहल्ल्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर या नजीर खाँच्या शिष्या. भेंडी बाजारात आज जुन्या चाळी पाडून उंच टॉवर उभे राहताहेत. ते उस्ताद कुठल्या गल्लीत राहत, हे तिथल्या किती पोरांना माहीत असेल? थोडं पुढे इमामवाड्याकडे निळ्या नक्षीच्या फरशांची मुघल मशीद आहे, इराणी लोकांनी १८६० साली बांधलेली. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर तोबा गर्दी होती आणि मान वर करून तिच्याकडे बघणारे आम्ही तिघंच होतो.

या सगळ्या मोहल्ल्यांवरून जे.जे.चा पूल जातो, २००२ पासून. गाडीवाला माणूस भायखळ्याकडून चढतो आणि थेट क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे उतरतो. खाली मोहम्मद अली रोड राहून जातो. पुलावरून मशिदींचे मिनार दिसतात, माणसं दिसत नाहीत. गंमत अशी, की या पुलाला नाव दिलंय कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचं. रोज त्यावरून जाणाऱ्यांना ते ठाऊक नसतं.

हे मखदूमबाबा म्हणजे माहीमच्या दर्ग्यातले. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. आपण त्यांच्याकडे नवस बोलायला जातो. पण ते मोठे विद्वान होते आणि त्यांनी कुरआनवर अरबीत भाष्य लिहिलं, हे आपल्या गावात कितीजण सांगू शकतील? कोकणच्या किनाऱ्यावरचा हा माणूस सहाशे वर्षांपूर्वी माहीमच्या बेटावर बसून लिहीत होता. त्यांच्या उरुसात पोलिसांच्या संदलचा मान असतो. त्याच माहीममध्ये चर्च आहे, तिथे बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची रांग लागते. जवळच प्रभादेवीला सिद्धिविनायक, तिथे मंगळवारची रांग. दर्ग्याची गर्दी गुरुवारची. एकाच रस्त्यावर आठवड्याचे तीन दिवस तीन गर्दी! मुंबईच्या बसचालकाला हे वेळापत्रक पाठ असतं. बाहेरगावचा माणूस एकाच दिवसाची गर्दी बघून जातो.

हाजी अलीला दुसऱ्या दिवशी गेलो. ओहोटी होती, वाट उघडी होती. समुद्रातल्या त्या वाटेवर बायकोने चप्पल हातात घेतली आणि लहान मुलीसारखी चालत राहिली. तिच्या आयुष्यातला हा पहिला समुद्र. आत गेल्यावर ती मजारीच्या दाराशी अडखळली. तिच्या बहिणीला काही वर्षांपूर्वी तिथून आत जाता आलं नव्हतं. २०१२ च्या आगेमागे बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या कोर्टात गेल्या आणि २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मी मुलीला हे तिथेच सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा याच शहरात विधिमंडळावर नेला होता. सातच बायका! चिपळूणजवळच्या मिरजोळीचा तो मराठी लेखक आणि त्या सात बायका मुंबईच्या रस्त्यावरून चालत गेल्या. दलवाईंची सगळी मतं मान्य करा, नका करू. पण मुंबई बघताना तो रस्ता बघितल्याशिवाय आपली यादी पुरी होत नाही.

हाजी अलीच्या वाटेवरून मागे वळून बघितलं तर जवळच किनाऱ्यावर महालक्ष्मीचं देऊळ आहे. बायको म्हणाली, "काकूंनी तिथून हाजी अली बघितला असणार, आणि आपण इथून महालक्ष्मी." एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मदनपुऱ्यातून लालबागकडे गेलो. मदनपुरा ही उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती. गिरण्यांच्या साचेखात्यात हे हात होते. शेजारी लालबाग-परळच्या चाळींत कोकण आणि घाटावरून आलेले कामगार. भोंगा एक, पगाराचा दिवस एक, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संपही एकच. आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. ही माणसं उठली ती दोन्हीकडची उठली. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी मुंब्र्याला. या गिरणगावाला शाहीर अमर शेखांनी आवाज दिला. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे त्यांचं मूळ नाव. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या आणि अण्णाभाऊ साठेंच्या डफावर गाजल्या. मुंबई महाराष्ट्राची व्हावी म्हणून ज्याने घसा कोरडा केला, त्याचं नाव शेख होतं. त्या दलालाला मी तेव्हा हे सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

शेवटी हुतात्मा चौकात गेलो. अब्बा राहून गेले होते, म्हणून.

आता काही वाचक म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण फिरून खोली मिळते का? नाही मिळत. मी भाबडा नाही. मुंबईचे मोहल्ले असे वेगळे का झाले, हे मुंबईकरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, अशी श्रीकृष्ण आयोगाची नोंद आहे. पुढे १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, त्यांत २५७ जण गेले. त्यानंतर मिश्र वस्त्यांतून माणसं आपापल्या माणसांत सरकली. भीती खरी होती. जो आपल्या लेकराबाळांना घेऊन सुरक्षित जागी गेला त्याला दोष देण्याचा मला काहीच अधिकार नाही. नाव बघून घर नाकारणं हा अन्याय आहे आणि तो दूर करणं सरकारचं, कोर्टाचं आणि त्या सोसायट्यांमधल्या चांगल्या माणसांचं काम आहे. मुसलमानांनी चार देवळं बघितली म्हणून तो आपोआप संपणार नाही.

पण भीतीने आखलेला नकाशा आपण हौसेच्या सहलीतही का वापरावा? आपण दोन दिवसांसाठी जातो, तेव्हा आपल्याला कुणी कुठे अडवत नाही. तरी आपण त्याच चार गल्ल्यांत फिरून येतो आणि पोरांना नकळत शिकवतो, की शहर इथवरच आहे. तिकडे शेजारचे काका मोहम्मद अली रोडबद्दल व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही खरं मानतात, कारण दहा वेळा मुंबईला जाऊनही त्यांनी तो पायी पाहिलेला नसतो. त्यांच्याच पोराने उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला, तर नवल कसलं? घर नाकारणारा माणूस एका दिवसात तयार होत नाही. त्यात अशा बऱ्याच न पाहिलेल्या गल्ल्या असतात.

म्हणून काही सूचना. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली औंढ्याला जातात, वेरूळ-अजिंठ्याला जातात, कधी मुंबईला. मास्तर लोकांना विनंती आहे, की मुंबईच्या सहलीत शेख मेमन स्ट्रीट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चाला. जामा मशीद, झवेरी बाजार, मुंबादेवी. पोरांना वेगळं भाषण द्यावं लागणार नाही. त्यात अंजुमनची इमारत, हुतात्मा चौक आणि चैत्यभूमी जोडा. एका दिवसाचं काम आहे, तिकीट कशालाच नाही.

आपल्या लोकांना सांगणं असं, की हाजी अलीला जा, माहीमला जा, पण तिथेच थांबू नका. जाताना बायका-मुलींना सोबत न्या. मुंबई ही फक्त बाप्यांनी बघायची गोष्ट नाही. मशिदी आणि दर्गे सांभाळणाऱ्यांना विनंती, की दारावर चार ओळींचा इतिहास मराठीत लिहा. कोण, कधी, कोणी बांधलं. येणाऱ्या पाहुण्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, थांबून वाचावंसं वाटेल. आपण आपल्याबद्दल मराठीत लिहिलंच नाही, तर आपली मराठी ऐकून लोकांना आश्चर्य वाटणारच.

आणि इतर वाचकांना एकच सांगणं: पुढच्या वेळी जे.जे.च्या पुलावरून न जाता खालून जा. दिवसा जा, भूक नसताना जा.

मुलीला शेवटी एका वर्किंग वुमेन हॉस्टेलमध्ये जागा मिळाली, कॉलेजपासून पाऊण तासावर. मुंब्र्यापेक्षा जवळ, दलालाने दाखवलेल्या खोलीपेक्षा लांब. आम्ही दोघं तिला सोडून रात्रीच्या गाडीला बसलो. अब्बा म्हणायचे तसंच झालं, गर्दी और रोना.

हट्ट्यात आल्यावर काकूंनी विचारलंच, "काय काय बघितलं?" बायकोने मोबाइल काढून मुंबादेवीच्या दाराचा फोटो दाखवला आणि मग त्याच रस्त्यावरून काढलेला जामा मशिदीचा. काकूंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. "अगं बाई, मी याच दुकानातून मणी घेतले होते," त्या म्हणाल्या. "ही मशीद मला कशी दिसली नाही?"

दिवाळीनंतर मुलीला भेटायला पुन्हा जाणार आहोत. काकूंचंही तिकीट काढायला सांगितलंय.